पाहुण्याला आग्रह नाही

काका कुणालाही दुसऱ्यांदा विचारत नसत. "भात घेता का?" हे एकदा. समोरच्यानं सवयीनं "नको, नको" म्हटलं की काकांचा हात पातेल्यासकट पुढच्या ताटाकडे. आपल्याकडचं पहिलं "नको" हे खरं नको नसतं, तिसऱ्या नकोनंतर ताट पुढे करायचं असतं, हे त्यांना साठ-बासष्ट वर्षं जगून माहीत नव्हतं असं नाही. त्यांना ते मान्य नव्हतं. पुतणीच्या लग्नात हौसेनं वाढायला उभे राहिले आणि बुंदीची पूर्ण पंगत दहा मिनिटांत संपवून परत आले. नवरदेवाच्या मामानं रीतीप्रमाणे नको म्हटलं होतं. बुंदी पुढे गेली ती गेलीच. मामा रुसले. काकू हा किस्सा सांगताना अजूनही पदर तोंडाला लावतात.

"सोयऱ्याले एकदाच विचारते का कोनी?"

"त्यानं नाही म्हटलं. मी आयकलं. यात माही का चूक?"

ही शिस्त त्यांना एका अजगराकडून लागली होती.

मी दोन वर्षं त्यांची भाडेकरू होते. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवायचे, आणि खोली मिळाली ती जवाहरनगरच्या बाहेर, क्वार्टर सोडून निवृत्त लोकांनी घरं बांधली त्या वस्तीत. सकाळी कारखान्याच्या बसेस गेल्या की रस्ता मोकळा व्हायचा, आणि पलीकडे लगेच धानाच्या बांध्या, म्हणजे पाणी साठवलेली भाताची शेतं, सुरू. काकांनी कारखान्यात जन्म काढला. दारूगोळ्याचं काम. तिथं आत जाताना काडीपेटी बाहेर ठेवावी लागते, म्हणून दारात थांबून दोन्ही खिसे चाचपायची सवय त्यांच्या हाताला लागली होती. निवृत्तीनंतरही घरातल्या एका दारात ते तसेच थांबायचे, खिसे चाचपायचे आणि मग आत पाऊल टाकायचे. ते दार पाहुण्याच्या खोलीचं.

पाहुणा म्हणजे बॉल पायथन. आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर, चार फुटांच्या आतला, मनगटापेक्षा जाड, काळ्यावर मातकट सोनेरी ठिपक्यांचा. घाबरला की तोंड मध्ये घेऊन स्वतःचा चेंडू करतो. आपल्याकडचे साप घरात ठेवणं गुन्हा आहे. हा परदेशी, आणि त्याच्या नोंदणीचा कागद काकांनी फ्रेम करून देवाच्या फोटोंच्या रांगेत लावला होता. मूळ मालक त्यांचा नागपूरचा भाचा. परदेशी नोकरी लागली तेव्हा तो "चार दिवस सांभाळा मामा" म्हणून पेटी ठेवून गेला. त्याला सात वर्षं झाली होती. कुणी नाव विचारलं की काका म्हणायचे, "पाहुन्याले का नाव ठेवता? त्याचं घर असन तिथं असन त्याचं नाव."

त्याचं जेवण काका महिन्यातून एकदा नागपूरहून आणायचे. गोठवलेले उंदीर, रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये, बर्फात. एसटीत कंडक्टरनं एकदा विचारलं होतं, "काका, थर्मास मांडीवर घेऊन बसले, का आहे त्यात?"

"जेवन."

"कोनाचं?"

"पाहुन्याचं."

"वा. नागपूरहून डबा! मोठा मानूस आहे वाटते पाहुना."

"मोठा नाही जी. चवीचा पक्का आहे."

घरी मागच्या पडवीत एक जुना छोटा फ्रीज होता, फक्त यासाठी. त्यावर काकूंनी स्वतः खडूनं लिहिलं होतं: उंदीर आहेत, आइस्क्रीम नाही. त्या पाटीमागेही एक किस्सा आहे, पण त्यातला जावई अजून हयात आहे, म्हणून सोडते.

पाहुण्याला जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वर्गात जे शिकवत होते ते सगळं मला नव्यानं शिकावंसं वाटलं. काकांनी उंदीर कोमट पाण्यात तासभर ठेवला, पुसला, लांब चिमट्यात धरला आणि खोलीत गेले. खिसे चाचपले. हात साबणानं धुतलेले, कारण हाताला उंदराचा वास असला तर पाहुणा हातालाच जेवण समजतो. चिमटा एकदा हलवला. पाहुण्याची मान इंग्रजी ‘एस’सारखी मागे गेली, जीभ दोनदा बाहेर आली, आणि मग मला काही दिसलंच नाही. दिसलं तेव्हा उंदीर वेटोळ्यात होता. मेलेलाच होता, तरी त्यानं तो रीतसर आवळला. मग सैल सोडून डोकं शोधलं. डोक्याकडून सुरुवात. डावा जबडा थोडा पुढे, मग उजवा, मग डावा. कसलीही घाई नाही. शेपूट आत गेल्यावर त्यानं दोन लांबलचक जांभया दिल्या. "झोप आली त्याला," मी म्हटलं. काका म्हणाले, "झोप नाही, मॅडम. जबडा जाग्यावर बसवून राहिला." मग तो काचेच्या पेटीच्या, विजेवर गरम ठेवलेल्या बाजूला गेला, फुटक्या मडक्याच्या खापराखाली शिरला, आणि पोटाचा फुगवटा जमिनीला लावून निपचित पडला.

त्या क्षणापासून घराचे नियम बदलायचे. काका कॅलेंडरवरचे दोन चौकोन पेन्सिलीनं भरून टाकायचे. अठ्ठेचाळीस तास. पाहुण्याला हात लावायचा नाही, पेटी हलवायची नाही, दार आपटायचं नाही, चपला ओढत चालायचं नाही. सापाला कान नसतात पण जमिनीची थरथर कळते, आणि भरल्या पोटी हलवलं, घाबरवलं किंवा गारठा लागला तर तो खाल्लेलं ओकून टाकतो. एवढं शास्त्र झालं. काकांनी त्यात स्वतःची भर घातली होती. दोन दिवस घरात मिक्सर बंद. काकू मिक्सरचं भांडं, मिरच्या, लसूण घेऊन शेजारच्या देवकाबाईंकडे जायच्या आणि तिथं चटणी वाटून आणायच्या. वस्तीत सगळ्यांना ती खूण पाठ झाली होती. काकू भांडं घेऊन निघाल्या की कुणीतरी कुंपणावरून म्हणायचं, "जेवला वाटते तुमचा पाहुना!"

हा नियम माणसांनाही लागू होता, हे मला राहायला आल्यावर महिन्याभरानं कळलं. जेवलेल्या माणसाला काका काही सांगत नसत. वाईट बातमी नाही, काम नाही, रागावणं तर नाहीच. काकूंच्या भावाच्या आजारपणाचा फोन एकदा जेवणानंतर लगेच आला, तर त्यांनी तो चार वाजेपर्यंत स्वतःजवळ ठेवला. काकू त्यानंतर आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मीही त्यांना सुनावलं होतं, की बातमी ज्याची त्याला लगेच मिळणं हा माणसाचा हक्क आहे. काका म्हणाले, "असन. पन भरल्या पोटावर हक्क नको टाकजो कोनाच्या."

मला त्यांचा राग यायचा. मी आंधळगावच्या ज्या घरातून आले तिथं जेवतानाच भांडणं व्हायची, आणि ती जगाची भांडणं असायची. माझे बाबा किराणा दुकान चालवायचे आणि पत्रकं काढायचे. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, गावच्या पाण्यासाठी. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली, आणि पुढच्या बाजूवर वाचायला शिकले. "बंधूंनो आणि भगिनींनो, किती दिवस सहन करणार?" हे मी वाचलेलं पहिलं वाक्य. त्यामुळे एखादी गोष्ट खरी आहे हे कळल्यावर ती दोन दिवस पोटात ठेवायची, ही कल्पनाच मला भित्रेपणाची वाटायची.

हिवाळ्यात पाहुणा जेवेनासा झाला तेव्हाही मी अशीच भडकले होते. बॉल पायथन थंडीत महिनोन्महिने उपास करतो, हे मी स्वतः वाचलेलं. तरी काकू रोज "लेकरू उपाशी आहे वं" म्हणायच्या आणि माझा धीर सुटायचा. काका दर पंधरा दिवसांनी उंदीर कोमट करायचे, चिमटा एकदा हलवायचे, पाहुण्यानं तोंड फिरवलं की उचलून घ्यायचे.

"अजून एकदा हलवून पाहा ना, काका."

"त्यानं नाही म्हटलं."

"अहो, पण मरेल तो!"

"भूक त्याची आहे, मॅडम. घाई आपली आहे."

होळीच्या आसपास पाहुणा आपण होऊन जेवला. काकांच्या तोंडावर जिंकल्याचा काही भाव आला नाही, याचाही मला राग आला.

आता नागपंचमीचं सांगते. हे सांगायला मला आवडत नाही, पण न सांगता काकांबद्दल लिहिलं तर ते मी ज्यावर आजवर टीका करत आले तसलं गुळगुळीत गुणगान होईल.

वस्तीतल्या बायका, देवकाबाई आणि त्यांच्या तीन सोबतिणी, दर नागपंचमीला भाताच्या रोवणीला जाण्याआधी काकांच्या फाटकात यायच्या. हातात वाटीभर दूध आणि लाह्या. नागोबा घरातच बसलेला असताना वारुळापर्यंत कशाला जायचं, असा त्यांचा साधा हिशोब. काका त्यांना आत घ्यायचे, काचेतून दर्शन करू द्यायचे आणि म्हणायचे, "वहिनी, हा दूध पेत नाही. उंदीर खाते. आता आनलंच आहे तं चहा मांडू." मग त्या दुधाचा चहा व्हायचा आणि बायका पिऊन बांधीत जायच्या. पहिल्या वर्षी हे पाहून मी काकांना म्हटलं होतं, "तुम्ही अंधश्रद्धेला चहा पाजता."

"चहा त्याईले पाजतो," ते म्हणाले. "अंधश्रद्धा आली होती का? मले तं नाही दिसली."

दुसऱ्या वर्षी मी पत्रक छापलं. "साप दूध पीत नाही! भगिनींनो, डोळे उघडा!" पाचशे प्रती. आदल्या दिवशी काका-काकू एकोडीला निघाले, काकांच्या भावाकडे, रोवणीचा शेवटचा दिवस होता. निघण्याच्या सकाळीच पाहुणा जेवला होता. काकू त्या गडबडीतही भांडं घेऊन देवकाबाईंकडे जाऊन आल्या. फाटकात काका मला म्हणाले, "पानी पाहाजो. लाइट गेली तं गरम पान्याची बाटली पेटीजवळ ठेवजो. हात नको लावजो, आज खाल्लं त्यानं." कॅलेंडरवरचे दोन चौकोन मी पाहिले होते. त्यातला दुसरा नागपंचमीचा होता.

सकाळी बायका आल्या. मी त्यांना ओट्यावर बसवून पत्रक वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. देवकाबाई म्हणाल्या, "हो जी मॅडम, आयकलं. आता दर्शन घेऊ द्या, बांधीत चिखल वाट पाहून राहिला."

"पटलं का पण?"

"तुमी शिकलेल्या. तुमी म्हनता तं असन."

हे "असन" मला सहन झालं नाही. पाचशे प्रतींना मिळालेलं उत्तर "असन"! मी म्हटलं, थांबा, दाखवतेच. मी त्या खोलीत गेले. खिसे चाचपले नाहीत. खापर उचललं आणि पाहुण्याला बाहेर ओट्यावर आणलं. त्याच्यासमोर दुधाची वाटी ठेवली. त्यानं जीभसुद्धा बाहेर काढली नाही, आकसून चेंडू व्हायला लागला. पोट भरलेलं, चेंडू नीट होईना. मी त्याला दोन्ही हातांनी वर उचललं. "बघा! पितो का? हा माझा पुरावा!"

माझ्या हातात त्याच्या अंगातून एक लाट गेली, पोटाकडून तोंडाकडे. मग दुसरी. त्याचा जबडा उघडला, आणि अर्धवट विरघळलेला उंदीर पत्रकांच्या गठ्ठ्यावर पडला. तो वास मी आजही ओळखेन.

एकजण किंचाळली. देवकाबाई दोन पावलं मागे सरल्या आणि त्यांनी हात जोडले. "कोपला वं माय. सनाच्या दिशी अन्न टाकलं त्यानं." वाट्या तिथंच ठेवून चौघी गेल्या. बांधीत नाही, घरी गेल्या. त्या दिवशी त्यांच्यापैकी कुणीही चिखलात पाय ठेवला नाही. भीती घालवायला काढलेल्या माझ्या पत्रकानं चार बायकांना कामावर न जाण्याइतकं घाबरवलं होतं.

दुपारच्या बसनं काका-काकू परतले तेव्हा मी ओट्यावर बसलेली होते. सगळं धुतलं होतं, तरी वास होता. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, खोलीच्या दारात थांबून खिसे चाचपले, आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले.

"ऊब ठेवली?"

"हो."

"जेवली का तू?"

"नाही."

"हिले भात वाढ वं," ते काकूंना म्हणाले. मी ताटावर रडत जेवले. शेवटचा घास झाल्यावर म्हटलं, "काका, मी…"

"आता नाही. जेवली तू."

मला वाटलं, चार वाजता बोलतील. नाही बोलले. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. सकाळी चहा द्यायचे, पाहुण्याकडे जाऊन यायचे, पेपर वाचायचे. त्यांनी मला ओरडावं म्हणून मी मुद्दाम दार आपटलं. काकूंनी "हळू वं पोरी" एवढंच म्हटलं. मी बॅग भरली. मला काढून टाका, असं मी मनात त्यांना शंभर वेळा सांगितलं. आमच्या घरात कुणाच्याही चुकीचा निकाल पाच मिनिटांत लागायचा, तोही मोठ्या आवाजात. अठ्ठेचाळीस तास स्वतःच्या चुकीसोबत एकटं राहायची मला सवय नव्हती. पहिला दिवस मी माझा बचाव तयार करण्यात घालवला. तो फार चांगला झाला होता. दुसऱ्या दिवशी तो मला स्वतःलाच ऐकवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात आले. "सांग बेटा," म्हणाले. तोवर मला मॅडम म्हणणारा माणूस.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही.

"साप दूध पेत नाही, हे खरंच आहे," ते शेवटी म्हणाले. "पन तू त्याले पुरावा म्हनली. थो पुरावा नाही. जेवलेला पाहुना आहे. खरं सांगाले दुसऱ्याचं पोट कायले धराचं?"

ते उंबऱ्यावर टेकले.

"अन देवकाबाई. तुले वाटते, तिले साप दूध पेते असं वाटते. माह्या हातचा चहा पेते न थे दरसाली? तिले मालूम आहे. तिची जाऊ बांधीत साप चावून गेली. पूरा महिना तिचा पाय चिखलात असते, खाली का आहे दिसत नाही. थे दूध नाही देत. थे म्हनते, बाप्पा, तुह्या घरातून जाऊन राहिलो, सांभाळजो. एवढंच."

"मग मी काय करू?"

"पानी तू बदलजो रोज. अन तिले जाऊन सांग, नागोबा कोपला नाही, मी चुकली."

देवकाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की त्याचं पोट भरलेलं होतं, मला माहीत होतं, तरी मी उचललं, म्हणून त्यानं टाकलं. कोप नव्हता, माझी चूक होती. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे काकू भांडं घेऊन आलती तरी तुमी उचललं?"

"हो."

"आमाले मालूम होतं न जी, भांडं आलं का दोन दिवस त्याले हात नाही. आमाले वाटलं, मॅडम कॉलेजात शिकवते, मॅडमले जास्त मालूम असन." मग थांबून म्हणाल्या, "जगन का थो?"

"माहीत नाही."

"बाप्पा! तुमाले बी माहीत नसते का?" त्या हसल्या, आणि मला पहिल्यांदा बसायला पाट दिला.

ओकल्यानंतर सापाला लगेच खायला देत नाहीत. आतलं सगळं सोललेलं असतं. दोन आठवडे नुसतं पाणी आणि ऊब, मग नेहमीपेक्षा लहान उंदीर. दोन आठवड्यांनी काकांनी चिमटा हलवला. पाहुण्यानं तोंड फिरवलं. पुन्हा आठवडाभरानं. पुन्हा तोंड फिरवलं. आता त्याच्या पाठीचा कणा वरून दिसायला लागला होता, कातडीला घड्या पडत होत्या. नागपूरच्या जनावरांच्या डॉक्टरांना काकांनी फोन केला, तेही म्हणाले अजून थांबा. मी पाणी बदलायला जायचे तेव्हा खिसे चाचपायचे. सलवारला खिसे नव्हते, तरी हात जायचा. देवकाबाई रोज बांधीतून येताना कुंपणाशी थांबायच्या, पायाला सुकलेला चिखल, आणि विचारायच्या, "खाल्लं का जी?" मग इतरजणीही विचारायला लागल्या. त्या चौघींत आणि माझ्यात आता कसलाच वाद उरला नव्हता. आम्ही पाचहीजणी एकाच गोष्टीची वाट पाहत होतो.

त्या रिकाम्या आठवड्यांत मी रोज संध्याकाळी देवकाबाईंच्या पाटावर जाऊन बसले. जुनी पत्रकं मी चुलीला दिली होती. नवं पत्रक त्यांच्या बोलण्यातून झालं: बांधीत उतरण्याआधी काठी आपटा, गमबूट मागा, ते मिळेपर्यंत मालकाला सोडू नका, चावला तर करकचून बांधू नका, चिरू नका, मांत्रिकाच्या दारात एक मिनिटही घालवू नका, थेट दवाखाना. त्यात दुधाचा शब्द नव्हता. लिहून झाल्यावर मी ते दोन दिवस बॅगेत ठेवलं. तिसऱ्या दिवशी वाचलं तर "भगिनींनो, डोळे उघडा" हे अजून वरती होतंच. ते खोडलं. त्या वर्षी रोवणीवाल्या बायकांनी मालकांकडे गमबुटांसाठी भांडण केलं, आणि ते भांडण माझ्यापेक्षा देवकाबाईंनी चांगलं केलं. मी आजही पत्रकं काढते, चिडूनच काढते, आणि चिडायचं थांबवणार नाही. पण छापखान्यात जाण्याआधी दोन चौकोन पेन्सिलीनं भरते. त्यानं माझी कितीतरी वाक्यं खोडली गेली आहेत, आणि काही माणसं त्या वाक्यांतून सुटली आहेत. याचं ऋण मी काकांना कधी तोंडानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी एकदा ऐकून घेतलं असतं आणि भात पुढे नेला असता.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी काकांनी उंदीर कोमट केला, पुसला आणि चिमटा माझ्या हातात दिला.

"मी?"

"तू. एकदाच हालव. नाही म्हटलं तं उचलून घे. रडजो नको त्याच्यासमोर."

दारात थांबले. नसलेले खिसे चाचपले. आत गेले. पाहुणा खापराबाहेर तोंड काढून होता. मी चिमटा एकदा हलवला आणि थांबले. दुसऱ्यांदा हलवला नाही. त्याची जीभ आली. गेली. परत आली. काका मागे उभे होते. मी मनात म्हटलं, नको असेल तर नको, बाबा. खरंच म्हटलं. आणि त्याची मान मागे गेली.

त्यानं तो लहानसा उंदीर रीतसर आवळला, डोकं शोधलं, सावकाश गिळला. दोन जांभया दिल्या. जबडा जागेवर बसवला. मग मडक्याखाली गेला.

आम्ही पावलं न वाजवता बाहेर आलो. काकांनी कॅलेंडरवरचे दोन चौकोन भरले. काकू काही न विचारता उठल्या, मिक्सरचं भांडं, मिरच्या आणि लसूण घेऊन फाटकाबाहेर पडल्या. देवकाबाई अंगणात धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी काकूंच्या हातातलं भांडं पाहिलं आणि ओलं लुगडं खांद्यावर टाकून तशाच आमच्या फाटकाकडे धावत आल्या. मी ओट्यावर उभी होते. इतक्या आठवड्यांचं सगळं एकदम वर आलं आणि मी ओरडलेच, "खाल्लं हो, देवकाबाई! त्यानं खाल्लं!"

देवकाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला दटावलं.

"हळू बोला न जी, मॅडम. जेवला थो."